बहात्तर पायऱ्यांशेजारची लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. एका कॉलेजच्या इमारतीत तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत वर-खाली करायचं, एवढंच माझं जग. ज्या उंच, अरुंद, चौकोनी पोकळीत मी चालते, तिला कारागीर शाफ्ट म्हणतात. त्या चार भिंतींबाहेर मी जन्मात कधी पडलेले नाही. दिवस उजाडला हे मला जाळीतून आत येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यांवरून कळतं आणि सुट्टी लागली हे पायांचे आवाज थांबले की कळतं.

लोकांना वाटतं, लिफ्ट म्हणजे हिंडणारी वस्तू. खरं सांगू? माझ्याइतकं अडकलेलं दुसरं कोणी नसेल. मी वर जाते ती दोरांनी ओढल्यावर. थांबते ती कुणी बटण दाबल्यावर. आणि उघडते तीसुद्धा बाहेरून किंवा आतून कुणी जाळी सरकवली तरच. मनात आलं म्हणून वीतभरही हलायची मुभा मला नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगाला सागवानी फळ्या लावल्या, दाराला सरकती लोखंडी जाळी बसवली आणि छातीवर एक पितळी पट्टी ठोकली : 'सहा माणसे'. इथे आणून उभी केल्यावर माझ्यात पहिल्यांदा माणसं बसली नाहीत, वाळूची पोती बसली. ती पोती मी न कुरकुरता तिसऱ्या मजल्यावर नेली, तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी माझ्या जाळीवर थाप मारली आणि म्हणाले, "चांगली आहे हो ही. कुणाला पाडणार नाही." ते माझं पहिलं कौतुक.

माझ्यावर एक लिफ्टमन नेमला होता. सगळी मुलं त्याला लिफ्टमामा म्हणत. कोपऱ्यात स्टूल टाकून तो बसायचा, रोज सकाळी माझी पितळी पट्टी पुसायचा आणि मजला आला की मोठ्याने ओरडायचा, "दुसरा मजला! गणित आणि डोकेदुखी!" मग तिसरा आला की, "रसायनशास्त्र! नाकं सांभाळा!" मुलं रोज तोच विनोद ऐकून रोज हसायची. पंचवीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून काढली. माझी ती वर्षं कशी गेली, मला समजलंसुद्धा नाही.

अशाच एका वर्षाच्या पहिल्या दिवशी मला तळमजल्यावर एक नवा आवाज ऐकू आला. टक, टक. मग थोडी विश्रांती. पुन्हा टक, टक. बूट असे वाजत नाहीत. जाळी सरकली आणि दोन कुबड्यांवर तोललेली एक मुलगी आत आली. सडपातळ, मोठ्या डोळ्यांची, पाठीवर पिशवी. लहानपणीच्या आजारात तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते.

"कुठे नेऊ ताई?" मामाने विचारलं.

"रसायनशास्त्र. नाक सांभाळूनच आलेय. बाहेर ऐकू येत होतं तुमचं."

मामा इतका खूश झाला की त्याने तिला तिसऱ्या मजल्यावर सोडून, उतरून, वर्गाच्या दारापर्यंत पिशवी पोहोचवली.

आठवड्याभरात तिला वर्गातल्या मुलींनी 'टकटक' हे नाव ठेवलं. खरं म्हणजे ते तिने स्वतःच ठेवून घेतलं होतं. "तुम्ही मागून ठेवाल त्यापेक्षा मीच पुढून ठेवते," असं ती म्हणाली होती, माझ्यातच, पहिला आणि दुसरा मजला यांच्या मधे.

टकटकची आई एका मोठ्या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरी धुवायची. साबणाने आणि पावडरींनी तिच्या हातांची सालं निघायची. लहानपणी ही पोर आईशेजारी बसून त्या पावडरींच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचायची आणि विचारायची, हे काय असतं, ते काय असतं. कुणालाच सांगता यायचं नाही. तेव्हापासून तिने ठरवलं होतं की रसायनशास्त्र शिकायचं. शाळेत ती पहिली आली आणि एका शिक्षण निधीने तिला शिष्यवृत्ती दिली. फी, पुस्तकं, वसतिगृह, सगळं त्यातच. अट एकच. प्रत्येक विषयात, प्रात्यक्षिकांतसुद्धा, शंभरातली पंचाहत्तर हजेरी.

"आई म्हणाली, आता कसली काळजी नाही," असं टकटकने मामाला सांगितलं होतं. मलाही तसंच वाटलं. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असं आपल्याला वाटतंच की नाही?

पहिली सहामाही संपली आणि लिफ्टमामा निवृत्त झाला. जाताना त्याने पितळी पट्टी दोनदा पुसली. त्याच्या जागी दुसरा माणूस येईल म्हणून मी वाट पाहिली. कोणी आलं नाही. जागा भरायची नाही, असं वरून ठरलं होतं. मग एके दिवशी दहा-बारा दांडगट मुलं एकदम माझ्यात घुसली, उड्या मारू लागली आणि माझा एक दोर किंचाळला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी पाटी लावली, 'विद्यार्थ्यांनी लिफ्ट वापरू नये', आणि माझ्या जाळीला कुलूप आलं.

कुलपाची चावी गेली हेडक्लार्कच्या टेबलाच्या खणात. हेडक्लार्कचं टेबल तळमजल्यावर, माझ्या दाराला लागूनच असलेल्या ऑफिसात. या गृहस्थांना सारं कॉलेज नियमकाका म्हणत असे. उभट चेहरा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. ते वाईट नव्हते. कुणाचं काम मुद्दाम अडवत नसत. पण एखादी गोष्ट कागदावर नसेल तर ती त्यांच्या लेखी जगातच नसे.

टकटक चावी मागायला गेली तेव्हा मी कान देऊन ऐकत होते.

"अर्ज आणलास?"

"नाही सर. मी ही अशी समोरच उभी आहे ना."

"ते मला दिसतंय गं. पण फाइलला दिसत नाही."

अर्ज झाला. डॉक्टरांचा दाखला झाला. प्राचार्यांची सही झाली. तीन आठवड्यांनी परवानगी मिळाली : चावी ऑफिसच्या सोयीने मिळेल. या 'सोयीने'ने तिचा घात केला. नियमकाका मीटिंगला गेले की खण बंद. शिपाई बँकेत गेला की जाळी उघडायला माणूस नाही. सकाळी ऑफिस उघडायचं साडेदहाला आणि तिचं प्रात्यक्षिक सुरू व्हायचं दहाला.

मग ती जिना चढायची.

जिना माझ्या शेजारीच आहे. एका मजल्याला चोवीस पायऱ्या, तीन मजल्यांना बहात्तर. मी कुलपाआड उभी असायचे आणि भिंतीपलीकडून तो आवाज ऐकायचे. टक. मग कठड्यावर हात सरकल्याचा आवाज. मग एक श्वास. मग टक. मित्रांनो, ज्या कामासाठी तुम्हाला घडवलं तेच काम शेजारी कुणीतरी हाडं मोडून करतंय आणि तुम्हाला हलता येत नाही, याहून मोठी कोंडी मला ठाऊक नाही.

ती वर पोहोचेपर्यंत हजेरी होऊन गेलेली असायची. रसायनच्या बाई प्रेमळ होत्या, पण दहा मिनिटांनंतर वही बंद, हा त्यांचाही नियम. त्या तिला आत घेत, प्रयोग करू देत, हजेरी मात्र लावत नसत. त्यांना वाटायचं, पोरीला वेळेचं भान नाही. टकटकने कधी सांगितलं नाही की ती जिन्याने येते. सांगायला लाज वाटायची तिला. एवढी शिष्यवृत्ती दिलीय, आता आणखी कशाकशाची तक्रार करायची, असं ती एकदा माझ्या जाळीला टेकून मैत्रिणीला म्हणाली.

वर्षाअखेरीला तिची प्रात्यक्षिकांची हजेरी अडुसष्ट भरली. निधीकडून पत्र आलं : या वेळी समज देत आहोत, पुढच्या सहामाहीत पंचाहत्तर न भरल्यास शिष्यवृत्ती थांबवण्यात येईल.

दुसऱ्या वर्षी भरीत भर म्हणून मीच आजारी पडले. माझ्या यंत्रातला वीज जोडणारा एक भाग जळत चालला होता. मी मधेच अडायचे, धक्के द्यायचे, कधी आठ-आठ दिवस बंद पडायचे. धोक्याची घंटा तर केव्हाच मुकी झाली होती. एक म्हातारा मिस्त्री आला. माझ्या जातीच्या लिफ्टचं काम करणारा तो एकटाच उरला होता. तो म्हणाला, "दोर ठणठणीत आहेत. एवढा एक भाग बदला, आणखी वीस वर्षं चालेल." नियमकाकांनी ते लिहून घेतलं, फाइल वर पाठवली आणि फाइल परत आली. दुरुस्तीच्या कामाला तीन जणांची कोटेशनं हवीत, एक चालत नाही. मिस्त्री तर एकच. फाइल पुन्हा गेली, पुन्हा आली. आम्ही तिघंही असे अडकून बसलो. मी शाफ्टमध्ये, नियमकाका नियमात आणि टकटक दोघांच्या मधल्या बहात्तर पायऱ्यांत.

मग तो शनिवार आला.

शनिवारी कॉलेज एक वाजता सुटायचं. एकला पाच-सात मिनिटं असताना टकटक माझ्या दाराशी आली. हातात घडी केलेला कागद होता. त्याच वेळी नियमकाका बगलेत फाइल घेऊन निघाले होते. प्राचार्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्या आठवड्यात मी कशीबशी चालत होते.

"वर जायचंय?" त्यांनी विचारलं.

"प्राचार्यांची सही हवीय सर."

"चल, मीही तिकडेच चाललोय."

एवढ्या दिवसांत ते दोघं पहिल्यांदाच माझ्यात बरोबर उभे राहिले. कुलूप उघडलं, जाळी सरकली, बटण दाबलं. पहिला मजला गेला, दुसरा गेला. आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे माझ्या आत काहीतरी चर्र झालं, दिवा मिणमिणला आणि मी थांबले. समोर नुसती भिंत.

मी माझी सगळी ताकद लावली असती, पण माझ्याकडे स्वतःची ताकद आहेच कुठे!

नियमकाकांनी बटण दाबलं. दुसरं दाबलं. सगळी दाबली. घंटेचं बटण दाबलं. जाळी धरून हलवली, "अरे कोण आहे का! अरे!" म्हणून ओरडले. प्राचार्य तर जिन्याने केव्हाच खाली उतरून घरी गेले होते. तेव्हा खिशात फोन घेऊन फिरायची पद्धत नव्हती. दहा मिनिटांत इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. मग माझ्या लक्षात आलं, हा मनुष्य घाबरलाय. बंद जागेत त्यांचा जीव गुदमरत होता.

"सर, खाली बसा," टकटक म्हणाली.

"हवा... हवा येत नाहीये."

"येतेय. जाळी आहे ना. हात लावून बघा, गार लागतंय. बसा तुम्ही. पाय पसरा."

ते बसले. तिनेही कुबड्या भिंतीला लावल्या आणि सावकाश, हातांवर तोल घेत, खाली बसली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

"नको. पाणी प्यायलो तर..." ते थांबले. "कधी सुटका होईल काय माहीत."

तिला हसू आलं. त्यांनाही, रडवेलं असलं तरी, आलं.

"तुला भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं.

"थांबायची सवय आहे मला सर."

हे तिने टोमण्याने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते त्यांना लागलं असावं. मग त्यांची नजर कागदावर गेली.

"कसला अर्ज आहे?"

"नाव काढून घेतेय."

"म्हणजे?"

"या वेळची हजेरी एकसष्ट आहे. शिष्यवृत्ती जाणारच. त्यांनी काढून घेण्यापेक्षा आपणच सोडलेली बरी. वसतिगृहही सुटेल."

"मग करशील काय?"

"आईच्या लाँड्रीत सगळं काम उभ्याचं. मला जमणार नाही. घरी बसेन. खिडकी आहे एक."

नियमकाकांनी घसा खाकरला. "हे बघ, पंचाहत्तरचा नियम काही मी केलेला नाही."

"नाही सर. पण चावी तुमच्याकडे असते."

एवढी शांतता माझ्यात कधी झाली नव्हती. वाळूच्या पोत्यांच्या वेळीही कुणीतरी बोलत होतं.

मग नियमकाका हळूहळू बोलू लागले. तीन कोटेशनांचं सांगितलं. मिस्त्री एकटाच असल्याचं सांगितलं. "किती वेळा परत आली फाइल?" असं तिने विचारलं, तेव्हा "चार" म्हणताना त्यांनी मान खाली घातली. "तू चढतेस कशी?" असं त्यांनी विचारलं. दीड वर्ष त्यांच्या टेबलासमोरून ती रोज जात होती, पण हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला.

तिने हातांनी करून दाखवलं. दोन्ही कुबड्या एका बगलेत. दुसऱ्या हाताने कठडा. आधी हात पुढे, मग अंग ओढायचं, मग पाय. "पंचविसाव्या पायरीला तळहाताला घाम सुटतो. तिथून पुढे कठडा निसटतो. म्हणून मी रुमाल बांधते. दुसऱ्या मजल्यावर बसते पाच मिनिटं. तेवढ्यात हजेरी होते."

"आणि उतरताना?"

"उतरताना भीती वाटते," ती म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

तीन वाजले असतील. टकटकने एक कुबडी उचलली आणि माझ्या जाळीवर वाजवायला सुरुवात केली. टक, टक. थांबायची. पुन्हा टक, टक. थोड्या वेळाने नियमकाकांनी दुसरी कुबडी मागून घेतली. दोघं आळीपाळीने वाजवत राहिले. चार वाजून गेल्यावर फाटकावरचा पहारेकरी फेरी मारताना थबकला. तो पुढे सगळ्यांना सांगायचा, "आवाज ओळखीचा होता. म्हटलं, शनिवारी ही पोरगी एवढा वेळ चालतेय तरी कुठे? आवाज पुढेही जात नव्हता, मागेही येत नव्हता."

त्याने सायकल काढली आणि म्हाताऱ्या मिस्त्रीला घरून आणलं. गच्चीवर माझं यंत्र असलेल्या खोलीत पहारेकऱ्याने ब्रेक सैल धरला आणि मिस्त्रीने हाताने चाक फिरवत मला बोटबोट खाली सोडलं. साडेपाचला मी दुसऱ्या मजल्याला लागले. जाळी सरकली. नियमकाका बाहेर पडले आणि पहिल्याच पायरीवर मटकन बसले. टकटक त्यांच्यामागून, टक, टक, बाहेर आली.

तळमजला अजून अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली होता.

पुढचं मला दिसलं नाही. मी फक्त ऐकलं. एक कुबडी टेकल्याचा आवाज यायचा. मग एका बुटाचा. मग शांतता. मग पुन्हा कुबडी, पुन्हा बूट. नियमकाका एकेक पायरी उतरत होते, तिच्या एक पायरी पुढे, तिच्याकडे तोंड करून असावेत, कारण "हं, आहे मी," असं ते सारखं म्हणत होते. एरवी दोन-दोन पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला तो जिना संपायला पाव तास लागला.

खाली पोहोचल्यावर तिने कागद पुढे केला. "सर, प्राचार्य तर गेले. हा तुम्हीच ठेवून घ्या ना. सोमवारी सही झाली की..."

नियमकाका श्वास सावरत म्हणाले, "शनिवारी एकनंतर आवक बंद असते. अर्ज घेता येत नाही."

"सर!"

"नियम आहे. सोमवारी बघू. आणि सोमवारी येण्याआधी रविवार असतो, तेव्हा नीट झोप."

रविवारी काय झालं मला माहीत नाही. पण सोमवारी ऑफिस साडेदहाऐवजी साडेनऊला उघडलं. कागद उलटल्याचा आवाज दुपारपर्यंत येत राहिला. नियमकाका शिष्यवृत्तीच्या नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रसायनच्या बाईंना खाली बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं : संस्थेच्या गैरसोयीमुळे विद्यार्थ्याला जे तास करता आले नाहीत, ते एकूण तासांतून वगळावेत, मात्र जबाबदार कर्मचाऱ्याने तसं लेखी द्यावं.

"ती जिन्याने यायची?" बाईंचा आवाज बदलला. "बहात्तर पायऱ्या? आणि मी तिला उशिरा येते म्हणून बोलायचे!"

"आपण दोघांनीही विचारलं नाही," नियमकाका म्हणाले.

त्यांनी लेखी दिलं. लिहिलं की लिफ्ट नादुरुस्त होती, चावी आपल्याच ताब्यात होती आणि ती वेळेवर मिळत नव्हती. खाली सही केली. प्राचार्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून शाफ्टमधून थेट माझ्यापर्यंत आला.

"हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंत? दोन वर्षांत निवृत्त व्हायचंय तुम्हाला!"

"हो साहेब. म्हणजे अजून दोन वर्षं माझी सही चालते."

त्यांना मेमो मिळाला. त्यांनी तो घेतला, दोन भोकं पाडली आणि स्वतःच्याच फाइलला लावला. आणि टकटकचा अर्ज? तो तिने सोमवारी आणलाच नाही.

माझं मात्र वाईट झालं. शनिवारच्या प्रकाराची चौकशी झाली. सरकारी निरीक्षक आले, माझ्या जाळीवर लाल लाखेचं सील लावून गेले. दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट बंद. मी होते तिथेच, दुसऱ्या मजल्यावर, अंधारात उभी राहिले. आता टकटकचं काय होणार, या काळजीने मी आतल्या आत कुढत होते. मीच नाही तर ती वर जाणार कशी?

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरून फरफट ऐकू आली. जिन्याखालच्या कोठीतली मोडकी बाकं बाहेर निघत होती. रसायनच्या बाई म्हणे पदर खोचून उभ्या होत्या. कोठीत एक नळ होता, एक खिडकी होती. टकटकच्या वर्गातली पोरं वरून बाटल्या, नळ्या, चंचुपात्रं खाली आणत होती. "फुटली तर तुझ्या नावावर!" "आधी तू पाय बघून टाक!" असा आरडाओरडा बहात्तर पायऱ्यांभर चालला होता. आठवड्यात तिथे छोटी प्रयोगशाळा उभी राहिली. दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं तिथे होऊ लागली. गणिताचे आणि इतर विषयांचे वर्गही नियमकाकांनी वेळापत्रक नव्याने आखून तळमजल्यावर आणले.

निधीचं उत्तर आलं. नियमकाकांनी ते मोठ्याने वाचलं. शिष्यवृत्ती चालू राहील. आणि खाली एक ओळ : विद्यार्थिनीला आणखी कशाची गरज आहे ते कळवावे.

"बोल," ते म्हणाले. "काय लिहू?"

टकटकला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग ती म्हणाली, "उंच खुर्ची. प्रयोग करताना उभी राहिले की दोन्ही हात कुबड्यांत अडकतात. मग नळी धरायची कशाने?"

दीड वर्ष रसायनशास्त्र शिकून तिने स्वतःच्या दोन्ही हातांनी एकही प्रयोग केला नव्हता! सुताराने मापं घेतली, खुर्ची आली. त्या दिवशी खालून काचेवर काच किणकिणल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचं हसणं. अंधारात, सीलबंद, मी ते ऐकत होते. सांगायला संकोच वाटतो, पण मला थोडं वाईटही वाटलं. माझ्याशिवाय तिचं चाललं होतं.

दीड वर्ष मी अशीच उभी होते. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. पितळी पट्टी हिरवी पडली. वर्ष बदललं, तिसऱ्या वर्षाचे पेपर झाले, निकाल लागला. टकटक पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळाली. निकालाच्या दिवशी तिच्याबरोबर एक नवा आवाज आला, जरा घोगरा, थकलेला. तिची आई होती. पहिल्यांदाच कॉलेजात आली होती. माझ्या तळमजल्यावरच्या बंद दाराशी दोघी थांबल्या.

"हीच का गं ती लिफ्ट?"

"हीच."

"बंद दिसतेय."

"दीड वर्ष झालं, बंदच आहे."

"अगं बाई! मग तू एवढ्या वर जायचीस कशी?"

"मी वर गेलेच नाही आई," टकटक म्हणाली. "ते सगळे खाली आले."

आईने जाळीवर हात ठेवला. मी दोन मजले वर होते, तरी तो खरखरीत हात मला कळला.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझी दुरुस्ती झाली. नियमकाकांनी युक्ती केली होती. शहरातल्या दुसऱ्या दोन मिस्त्रींकडून त्यांनी लिहून आणलं, 'हे काम आम्हाला येत नाही', आणि ते दोन कागद म्हाताऱ्या मिस्त्रीच्या कोटेशनला जोडले. कागद तीन झाले. फाइल पास झाली. हे डोकं आधी का चाललं नाही, असं त्यांना शिपायाने विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "आधी मी कधी आत अडकलो नव्हतो."

आज ते ऑफिसात नाहीत. माझ्या जाळीला कुलूपही नाही. माझ्यातून आता पाठीच्या दुखण्याचा एक मुलगा जातो, एक धाप लागणारी मुलगी जाते, कधी म्हातारे प्राध्यापक जातात. टकटकला मात्र मी पुन्हा कधी नेलं नाही. ती राहून गेलेली गोष्ट मी शाफ्टच्या अंधारात उगाळत बसते.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना वेळच्या वेळी तेल द्या, आमचा एखादा भाग जळत असेल तर तेव्हाच बदला, एवढं तर मागेनच. पण एक जास्तीचं मागते. तुमच्या वर्गात कुणाला शिष्यवृत्ती मिळाली की टाळ्या जरूर वाजवा. टाळ्या संपल्या की मात्र घरी जाऊ नका. तिच्याजवळ जा, शेजारी बसा आणि विचारा, "वर्गापर्यंत पोहोचतेस ना गं?" ती आधी हो म्हणेल. लाजेने सगळेच हो म्हणतात. थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.